हुकूम क्रमांक बेचाळीस

टोकियो, १४ ऑक्टोबर १९४८

श्री. गेन्पेई शिनोहारा यांना,

पत्राच्या सुरुवातीला ऋतूबद्दल दोन ओळी लिहायच्या असतात, हे मला माहीत आहे. पण आमच्या खिडकीतून फक्त जळक्या भिंती दिसतात आणि त्यांच्यावर ऋतू उमटत नाही. क्षमा असावी.

माझे नाव मोसुके कुराता, वय तेवीस. शिक्षण गावच्या शाळेत आठ वर्षे, पण शेवटची दोन वर्षे शेतातच गेली. अक्षर बरे आहे, म्हणून युद्धातली कागदपत्रे लावणाऱ्या या कार्यालयात मला नकला करायला घेतले. चार महिने मी एकाच सैन्याचा इतिहास उतरवतो आहे. सांकेतिक नाव 'त्सुझुमी', म्हणजे हातढोलकी. तुम्ही त्या सैन्याच्या मुख्यालयात सार्जंट होतात, आणि शेवटची दोन वर्षे सगळे हुकूम तुमच्याच हातचे आहेत. तुमचे अक्षर आता मला माझ्या आईच्या चेहऱ्यासारखे ओळखीचे झाले आहे. खाली येणाऱ्या रेघेची शेपटी तुम्ही थोडी वर उचलता.

तुम्हाला हसू येईल, पण नक्कल करताना माझ्या अंगावर काटा येतो. दोन डिव्हिजन, एक ब्रिगेड, बावन्न हजार माणसे. पहिले सेनापती हिवतापाने परत गेले. दुसरे विमानासकट समुद्रात नाहीसे झाले. तिसरे जनरल हिनात्सु, त्यांनी शेवटपर्यंत सांभाळले. एका टेबलावर नऊ ओळी लिहिल्या जातात आणि तीन दिवसांनी अकरा हजार माणसे डोंगराच्या दुसऱ्या बाजूला असतात. कागद मी तळहातावर घेऊन पाहिला. त्याला वजन नाही.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत.

एक : ११ मे १९४५ चा हुकूम क्रमांक ४१. त्यात तिसऱ्या बटालियनला 'झेनशिन', पुढे चाला, असे आहे. पण त्या शब्दाच्या पहिल्या अक्षराखाली कागद पातळ झाला आहे. कुणीतरी ते चाकूने खरवडून पुन्हा लिहिले आहे. नोंदवहीत सेनापतींचा शिक्काही नाही.

दोन : १४ मे चा हुकूम क्रमांक ४२. एवढा लहान हुकूम मी दुसरा पाहिला नाही. "यापुढे या सैन्यात प्रत्येक हुकूम बाळबोध शब्दांत लिहावा. टेलिफोनवर हुकूम घेणाऱ्याने शब्द परत म्हणू नये, अर्थ सांगावा." एवढेच. का, ते लिहिलेले नाही.

क्रमांक ४१ टेलिफोनवरून गेला होता आणि सांगणारे तुम्ही होतात, असे नोंदवही म्हणते. कृपया कळवावे.

मोसुके कुराता

*

माझिमा गाव, मात्सुमोतोजवळ
२६ ऑक्टोबर

कुरातासाहेब,

तुमचं पत्र कुणीतरी कापून, वाचून, परत चिकटवलेलं आलं. टपाल तपासणाऱ्या अमेरिकन बाबाला माझ्या शेपट्यांचं कौतुक वाटलं असेल अशी आशा आहे.

मला सार्जंट म्हणू नका. मी लाकडी खडावा करतो. बायांच्या हलक्या, गड्यांच्या जड. हुकूम लिहिणारा हात आता रंधा चालवतो आणि त्यात त्याचं जास्त भलं आहे.

हिनात्सुसाहेबांबद्दल विचारलंत तर सांगतो. दुसऱ्या वर्षी जहाजं यायची थांबली, तेव्हा त्यांनी सगळ्या सैन्याला रताळी लावायला लावली. स्वतः अनवाणी, गुडघाभर चिखलात. एक नवा शिपाई त्यांना म्हणाला, "ए म्हाताऱ्या, तुझी सरी वाकडी चाललीय." साहेबांनी मागे वळून सरी पाहिली, म्हणाले, "खरंच की," आणि उपटून परत लावली. संध्याकाळी शिपायाला कुणीतरी सांगितलं तो म्हातारा कोण. पोरगं दोन दिवस जेवलं नाही. आम्ही बेटावरच्या लोकांच्या बागाही खाल्ल्या, तेही लिहा. साहेबांनी त्याबद्दल एकदा गावच्या मुखियासमोर मान खाली घातली होती. त्याने रताळी परत आली नाहीत, पण असा जनरल मी दुसरा पाहिला नाही.

आता तुमचे प्रश्न. कागद पातळ झाला तो तिकडच्या ओलीने. तिथे जोडे महिन्यात बुरशी धरायचे, कागदाचं काय घेऊन बसलात. हुकूम बेचाळीस ही साहेबांची लहर असावी. टेलिफोन त्या दिवशी खणखणीत होता, मी स्पष्ट बोललो, पलीकडच्याने नियमाप्रमाणे परत म्हटलं. पलीकडे एक उत्तरेकडच्या अकिताचा माणूस होता, सगळं नाकातून आणि झूझू करत बोलणारा. त्याने काय ऐकलं असेल ते देव जाणे. तो आता नाही, तेव्हा विचारता येत नाही.

खडावा हव्या असल्या तर पायाचं माप पाठवा.

गेन्पेई शिनोहारा

*

टोकियो, २ नोव्हेंबर

श्री. शिनोहारा यांना,

पहिल्या पत्रात मी एक गोष्ट लपवली. माझे गाव अकितात, योकोतेच्या वरच्या अंगाला आहे. तिसऱ्या बटालियनचा टेलिफोन माझा मोठा भाऊ तेइझो सांभाळत होता. यादीत त्या कामावर दुसरे कुणी नाही.

ही कागदपत्रे समोर येईपर्यंत आम्हाला एवढेच माहीत होते की १२ मे च्या पहाटे सहाशे चाळीस माणसे डोंगरावरून शत्रूवर चालून गेली आणि सतरा उरली. कार्यालयाच्या मसुद्यात ही चाल सेनापतींच्या कल्पकतेचा नमुना म्हणून दिली आहे. पण मी बाकीचे कागदही उतरवतो. त्या आठवड्यातले सगळे सैन्य नदीकडे मागे येत होते. जखमींचा तळ मागे, तोफा मागे. एकट्या तिसऱ्या बटालियनला पुढे का पाठवतील?

आपल्या सैन्यात 'माघार' हा शब्द वापरत नसत, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. त्याऐवजी 'तेनशिन' म्हणत, म्हणजे तोंड फिरवून पुढे चालणे. लिहिताना 'तेनशिन' आणि 'झेनशिन' यांची पहिली अक्षरे इतकी वेगळी आहेत की पहिलीतले मूलही चुकणार नाही. पण तुम्ही ती लिहून पाठवली नाहीत. तुम्ही ती बोललात, आणि ऐकणारा आमच्या गावचा होता.

मी स्वतः टोकियोत बोलायचे टाळतो. कार्यालयातले लोक माझ्या तोंडून 'सुशी' आणि 'सुसू', म्हणजे काजळी, म्हणवून घेतात आणि दोन्ही सारखेच ऐकू आले की हसतात. म्हणून मी लिहितो. लिहिण्यात उच्चार दिसत नाहीत.

मला एकच विचारायचे आहे. तेइझोने चुकीचे ऐकले का? आमची आई दर महिन्याच्या बारा तारखेला त्याच्या फोटोपुढे भाताची वाटी ठेवते. तिला वाटते तो हुकमाप्रमाणे गेला. त्याच्या कानामुळे सहाशे तेवीस माणसे मेली असतील, तर मला ते कळले पाहिजे. इतिहासाची पक्की प्रत माझ्याच हाताने लिहिली जायची आहे.

मोसुके कुराता

*

टोकियो, २० डिसेंबर

श्री. शिनोहारा यांना,

सात आठवडे झाले, उत्तर नाही. मागच्या पत्राची माझ्याकडे नक्कल आहे. ती मी पुन्हा वाचली. त्यात एकही अक्षर चुकलेले नाही, पण काही वाक्ये उद्धट असतील. तसे असल्यास माफ करावे.

क्रमांक ४१ मी दुपारच्या उन्हात खिडकीच्या काचेला लावून पाहिला. 'तेनशिन'च्या पहिल्या अक्षरात डाव्या अंगाला गाड्याचे चिन्ह असते : चौकट, आणि मधोमध वरून खाली जाणारा आस. 'झेनशिन'च्या अक्षरात गाडा नाही. खरवडलेल्या जागी आसाचे खालचे टोक उरले आहे. आणि त्याची शेपटी थोडी वर उचललेली आहे.

माप पाठवतो. माझे नाही, आईचे. तिचे पाऊल लहान आहे, दोरी सोबत जोडली आहे.

मोसुके

*

माझिमा, १७ जानेवारी १९४९

मोसुके,

तुला आता अहोजाहो करत नाही. तुझ्या भावालाही मी कधी अहो म्हटलं नव्हतं.

खरवडलं ते मीच. शेपटीवर चाकू फिरवायला विसरलो, हे चार वर्षांत कुणाला दिसलं नाही, तुला दिसलं. शाबास म्हणू की शिव्या देऊ, ते ठरेना, म्हणून उत्तर लांबलं.

सगळं क्रमाने सांगतो.

मे च्या सुरुवातीला आमच्या आणि बटालियनच्या मधलं डिव्हिजनचं मुख्यालय बॉम्बखाली गेलं. तेव्हापासून नऊ दिवस सैन्याचं मुख्यालय थेट त्या डोंगराशी बोलत होतं, मध्ये कुणी नाही. चार मैल तार, एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला तेइझो. नावं घ्यायची बंदी. तो 'त्सुबाकी', एका लाल फुलाचं नाव, आणि मी 'ढोलकी'. मला त्याचं खरं नाव तुझ्या पत्रातून कळलं. त्याचा चेहरा मी अजून पाहिलेला नाही.

मी त्याला फार चिडवायचो. म्हणायचो, "त्सुबाकी, नाकातला मुळा काढ आणि मग बोल." तो म्हणायचा, "ढोलकीभाऊ, आमच्याकडं थंडी लई. तोंड उघडलं की बर्फ आत जातं. म्हनून कमी उघडतो." रोज सकाळी तार तपासायला फोन करायचा आणि काम झालं तरी ठेवायचा नाही. त्याच्याकडे धुरावर वाळवलेल्या मुळ्याच्या लोणच्याच्या गोष्टी होत्या. आम्ही इकडे उपाशी, आणि हा लोणच्याचा वास सांगतोय.

अकरा तारखेला दुपारी चारला साहेबांनी मला कागद दिला. पेन्सिलीने, त्यांच्या हातचा. "तिसरी बटालियन पहाटे पाचला मागे या." अगदी असंच. 'मागे या'. शेजारणीला हाक मारावी तसं.

मी तो शब्द बदलला.

साहेबांच्या हाताखाली मी चौदा महिने होतो, हुकमाची भाषा मला पाठ होती, आणि एवढ्या मोठ्या सेनापतीच्या नावाने असला घरगुती शब्द जावा, याची मला लाज वाटली. नकलनवीसाला अशी लाज वाटते. तुला कळेल. मी वहीत 'तेनशिन' लिहिलं आणि तेच तारेवर सांगितलं. उघड्या तारेवर जागेचं नाव घ्यायचं नसतं, म्हणून नदी म्हटलं नाही. "तिसरी बटालियन पहाटे पाचला तेनशिन." त्याने परत म्हटलं. नियम असा की ऐकणाऱ्याने परत म्हणायचं आणि सांगणाऱ्याने ऐकायचं. मी ऐकलं. पण त्याच्या तोंडून सगळेच शब्द एकाच बैलगाडीतून यायचे. मला जे ऐकायचं होतं तेच मी ऐकलं. म्हटलं, बरोबर.

त्याने फोन ठेवला नाही. जरा थांबून म्हणाला, "खरंच का, ढोलकीभाऊ?"

मला वाटलं, पोराला आनंद झालाय. मी हसलो. म्हटलं, "खरंच. नशीबवान आहात."

तो म्हणाला, "बरं. मग तिकडं भेटू."

मी समजलो, नदीपलीकडे. सैनिक मरायला जाताना एकमेकांना हेच म्हणतात, हे मला तेव्हा सुचलंच नाही. उलट मनाशी ठरवलं, उद्या उताराशी उभं राहायचं, एकेकाला बोलायला लावायचं, आणि नाकातून बोलेल त्याला मिठी मारायची.

पहाटे मी साहेबांच्या मागे टेकडीवर होतो. उजाडलं. बटालियन डोंगरावरून खाली आमच्याकडे यायची, ती वरच्या कड्यावरून पलीकडे जाताना दिसली. ओळीत. त्या माणसांनी चार दिवस धड अन्न खाल्लं नव्हतं, मोसुके. मी नंतर पुष्कळांच्या तोंडून ऐकलं की शत्रू तासभर गोंधळला. समोरचे मागे जात आहेत अशी त्याची पक्की खबर होती, आणि हे समोरून चालत येताहेत. तो थांबला. त्या वेळात जखमींचा तळ नदी उतरला, तीन हजार माणसं. हे मी कोणत्या पारड्यात टाकू, मला आजवर कळलेलं नाही.

स्टाफचे कर्नल साहेबांना हळूच म्हणाले, "कमाल केलीत. आम्हालाही कळू दिलं नाहीत."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "तू कोणता शब्द सांगितलास?"

मी सांगितला.

"मी तो लिहिला नव्हता," म्हणाले.

मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि हात विजारीच्या शिवणीला लावून उभे राहिले. पलीकडचा आवाज थांबेपर्यंत. दोन तास चाळीस मिनिटं, उन्हात, एकसष्ट वर्षांचा माणूस. सगळं मुख्यालय त्यांच्या मागे तसंच उभं. एक माशी त्यांच्या ओठावर बसून गेली, ओठ हलला नाही. मी त्याआधी आणि त्यानंतर देवळांत गेलो आहे, पण तसा कुठे उभा राहिलो नाही.

आवाज थांबला तेव्हा वळले. मी पायावर पडायच्या बेतात होतो. म्हणाले, "शब्द सैन्याचा होता, शिनोहारा. तुझा नाही. पण बदललास तू."

दोन्ही वाक्यं मी रोज वाहतो.

संध्याकाळी वरून शाबासकीची तार आली. कर्नलसाहेबांनी मला वही दिली आणि म्हणाले, शब्द दुरुस्त कर. मी खरवडला. साहेबांनी ते पान पाहिलं आणि शिक्का मारला नाही, तारेला उत्तर दिलं नाही. दोन दिवसांनी त्यांनी बेचाळीस लिहिला. लहर नव्हती ती.

साहेब गेल्या वर्षी पोटाच्या दुखण्याने गेले. जाण्याआधी त्यांनी पत्र्याची एक डबी माझ्या नावाने ठेवली होती. तिच्यातला कागद सोबत पाठवतो. हरवू नकोस.

दोष तुझ्या भावाच्या कानाचा नव्हता.

गेन्पेई

*

टोकियो, ३० जानेवारी

शिनोहारा-सान,

कागद पोचला. कापून चिकटवलेल्या पाकिटात तो सुखरूप होता. बहुधा वाचणाऱ्याला काही कळले नाही. बावन्न हजारांच्या सेनापतीची एक ओळ, आणि पेन्सिल इतकी बोथट की लहान मुलाची वाटावी.

मी हात धुऊन आलो आणि मग तो टेबलावर ठेवला. 'मागे या'. अवघड चिनी अक्षर एकही नाही, सगळे पोरांच्या साध्या लिपीत. आमच्या गावातला कोणीही, कितीही बर्फ तोंडात असले तरी, हे ऐकताना चुकला नसता.

तुम्हाला काय लिहावे हे मला कळत नाही. चार मसुदे फाडले. रागाच्या मसुद्यात अक्षर बिघडत होते, आणि क्षमेचा मसुदा मला खोटा वाटला. खरे एवढेच आहे, की मी तुमच्या जागी असतो तर मीही तो शब्द बदलला असता. गेल्या आठवड्यात मी विभागप्रमुखांच्या टिपणातला 'मेले' हा शब्द पुसून 'धारातीर्थी पडले' केला. मला कुणी सांगितले नव्हते.

पक्क्या प्रतीत मी ही घटना अशी लिहिली आहे : "सेनापतींचा हुकूम 'मागे या' असा होता. टेलिफोनवर तो 'तेनशिन' असा सांगितला गेला. बटालियनने 'झेनशिन' ऐकले, आणि गेली." आमचे विभागप्रमुख पूर्वी मेजर होते. त्यांनी पान परत पाठवले. समासात पेन्सिलीने : "सेनापतींच्या आदेशानुसार चढाई, असे करा."

मी माझेच वाक्य तसेच ठेवून पान पुन्हा दिले आहे.

मोसुके

*

माझिमा, २१ मार्च

मोसुके,

त्यात माझं नाव घाल. "सांगितला गेला" काय? कुणी सांगितला? हिनात्सुसाहेबांनी असं वाक्य खपवून घेतलं नसतं.

आईच्या खडावा तयार आहेत. पाऊल खरंच लहान आहे, दोनदा दोरी मोजली. पोस्टाने पाठवत नाही. १२ मे ला मी स्वतः घेऊन जाईन म्हणतो. तिला पत्रातून कळायला नको, आणि तुझ्याकडूनही नको. ते माझं काम आहे. तू हो म्हण किंवा नाही म्हण, पण बाळबोध शब्दांत.

गेन्पेई

*

टोकियो, ३ मे

शिनोहारा-सान,

हो. जा. योकोतेला उतरून सफरचंदांच्या बागेतून वरची वाट धरा. आईला बातमी तोंडाने ऐकलेली आवडते. ती घाबरणार नाही, आमच्या घरात घाबरायचे काम माझ्याकडे आहे.

पान तीन वेळा परत आले. चौथ्या वेळी विभागप्रमुखांनी मला बोलावले. म्हणाले, मोठ्याने वाच. त्या खोलीत सहा जण होते आणि मी तिथे कधी चार शब्दांपेक्षा जास्त बोललेलो नाही. मी वाचले. तुमचे नाव घातले आहे : "सांगणारा, सार्जंट शिनोहारा. ऐकणारा, शिपाई तेइझो कुराता. मध्ये चार मैल तार." कोपऱ्यात कुणीतरी हसले, माझ्या उच्चारांना.

प्रमुख म्हणाले, "नीट कळलं नाही. हुकूम काय होता म्हणालास? परत म्हण."

मला हुकूम बेचाळीस पाठ आहे. मी म्हटले, "त्या सैन्यात परत म्हणत नसत, साहेब, अर्थ सांगत. सेनापतींनी सांगितलं होतं, मागे या."

"ही लष्करी भाषा नाही."

मी पेन्सिलीचा कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी हिनात्सुसाहेबांचे अक्षर ओळखले असावे, कारण ते उभे राहिले. मला वाटत नाही त्यांना आपण उभे राहिलो हे कळले. कोपऱ्यातले हसू थांबले. बराच वेळ ते ती एक ओळ वाचत होते. नंतर मला म्हणाले, "पेन्सिल पुसते. याची शाईने नक्कल करून जोड," आणि उभ्यानेच पानावर शिक्का मारला.

बाहेर येऊन मी जिन्यावर बसलो. नक्कल दुसऱ्या दिवशी केली.

मोसुके

*

योकोतेजवळ, तुझ्याच घरून
१३ मे १९४९

मोसुके,

बागेत सफरचंदाला मोहोर आहे. तुझ्या आईने आधी माझे पाय धुवायला पाणी दिलं, मग लोणचं, मग विचारलं कोण ते. लोणचं तसंच आहे, धुराचं. तेइझोने एक शब्दही वाढवून सांगितला नव्हता.

मी चटईवर डोकं टेकवलं आणि सगळं सांगितलं. काही वगळलं नाही, हसलो होतो तेही. ती खडावांच्या पट्ट्यांवरून अंगठा फिरवत ऐकत होती.

झाल्यावर मी तिला एक विनंती केली. मूर्खपणाची होती, पण चार वर्षं त्या शंकेपायी झोप नाही. म्हटलं, आई, ते दोन शब्द तुम्ही तुमच्या बोलीत एकदा म्हणून दाखवा. मला ऐकायचं आहे, फरक कळतो का.

वेड्याकडे पाहावं तसं तिने माझ्याकडे पाहिलं. "आमच्यात आसले शब्द न्हाईत," म्हणाली. "सांजच्याला पोरं शेतात आसली की आमी वरडतो, घरी या. लांबून वरडलं तरी कळतंय. वाऱ्यात बी कळतंय. तुमी तेला घरी ये म्हनायचं होतं."

तुझ्या मेजरसारखं मला उभं राहता आलं नाही.

मग तिने विचारलं, "फोनवर कसा वाटायचा त्येचा आवाज?"

तिने तो १९४२ साली स्टेशनावर शेवटचा ऐकला होता. मी त्यानंतर नऊ दिवस ऐकला. आणि मी त्याची नक्कल फार हुबेहूब करायचो, मुख्यालयातले सगळे हसून लोळायचे. तीच नक्कल मी तिच्यापुढे केली. तोंड अर्धं मिटून, नाकातून : "ढोलकीभाऊ, आमच्याकडं थंडी लई. तोंड उघडलं की बर्फ आत जातं."

ती हसली नाही. डोळे मिटून घेतले. फोटोपुढच्या भाताची वाफ केव्हाच विरली होती.

"आजून बोला," म्हणाली.

मला आठवलं तेवढं सगळं मी बोललो.

गेन्पेई